पोशाखामागची खतावणी

२०२५ हे साल दोन अगदी भिन्न कारणांनी ध्यानात ठेवण्याजोगे होते. जेन ऑस्टिन या इंग्रज कादंबरीकर्त्रीच्या जन्माला त्या वर्षी अडीचशे वर्षे पूर्ण झाली. आणि त्याच वर्षी, १२ मे रोजी, आजच्या बारामती तालुक्यातील सुपे या गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे जाळले, त्या घटनेला दीडशे वर्षे झाली. पहिल्या निमित्ताने इंग्लंडात समारंभ झाले. ऑस्टिनच्या कादंबऱ्यांवरील जुन्या दूरचित्रवाणी मालिका पुन्हा आवडीने पाहिल्या गेल्या. दुसरी घटना मात्र मुख्यतः परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतच जिवंत राहिली आहे. ‘१८७५च्या दंग्यांची कारणे सांगा’ या प्रश्नाचे पाच मुद्दे विद्यार्थी पाठ करतो आणि परीक्षा संपताच विसरतो.

या दोन स्मरणांचा एकमेकांशी काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो बारामती-इंदापूरच्या शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी विचारात घ्यावा इतका निकटचा आहे. इंग्रजी ऐतिहासिक मालिका आज घराघरांत, हातातल्या मोबाइलवर, उपशीर्षकांसह पाहता येतात. त्या पाहणाऱ्यांची संख्याही आपल्याकडे थोडी राहिलेली नाही. परंतु बहुतेकांचे लक्ष वाडे, घोडागाड्या, झालरीचे झगे आणि चहाच्या कपांवर खिळून राहते. या मालिकांतील उत्तम मालिकांचा खरा विषय पोशाख हा नसून पैसा हा आहे: जमिनीचे उत्पन्न, वारसाहक्क, गहाण, कर्ज, मजुरी. तेवढे ओळखले, तर त्या पाहण्याचा लाभ दुप्पट होतो. आणि आपल्या मातीतली अशीच एक कथा पडद्यावाचून कशी राहिली आहे, हेही ध्यानात येते.

उत्पन्नाचे आकडे आणि लग्नाचे हिशेब

बीबीसीने १९९५ साली ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ सहा भागांत सादर केली. तिची पटकथा अँड्र्यू डेव्हिस यांची. ही प्रेमकथा म्हणून जगभर लोकप्रिय झाली, परंतु कथेचा पाया एका कायदेशीर अटीवर उभा आहे. बेनेट कुटुंबाची इस्टेट केवळ पुरुष वारसाकडे जावी, असे ठरलेले आहे. घरात पाच मुली. बापाचे डोळे मिटताच राहते घर दूरच्या नातेवाइकाच्या ताब्यात जाणार. बेनेटसाहेबांचे उत्पन्न वर्षाला सुमारे दोन हजार पौंड. नायक डार्सी याचे दहा हजार. मुलींच्या लग्नासाठी आईने चालवलेली धडपड प्रेक्षकाला हास्यास्पद वाटते. पण हे आकडे मनात ठेवून पाहिले, तर त्या बाईचे गणित घरातल्या सगळ्यांपेक्षा पक्के असल्याचे दिसते. हुंडा, सात-बाराचा उतारा आणि मुलीचे लग्न यांचे नाते ज्या प्रदेशात कोणाला समजावून सांगावे लागत नाही, तेथील प्रेक्षकाला ही गोष्ट परकी वाटण्याचे कारण नाही.

जॉर्ज एलियटच्या कादंबरीवरची ‘मिडलमार्च’ ही १९९४ सालची सहा भागांची मालिका याहूनही अर्थपूर्ण आहे. एका इंग्रज मुलखात रेल्वे येऊ घातली आहे, मतदानसुधारणेची चर्चा चालू आहे आणि गावचा बँकर धर्मनिष्ठेच्या आडून आपला जुना पैसा लपवीत आहे. नव्या विचारांचा एक डॉक्टर घरसामानाच्या उधारीत अडकतो आणि त्या उधारीपायी त्याचे संशोधनाचे स्वप्न हळूहळू विझते. मूळ कादंबरीत रेल्वेच्या पाहणीसाठी आलेल्या माणसांवर शेतमजूर गवताचे दाताळे घेऊन धावून जातात, असा एक प्रसंग आहे. मोजणीची साखळी घेऊन कोणी शिवारात उतरला की कुणबी का बिथरतो, हे इंदापूरकरांना ठाऊक असलेच पाहिजे.

२००५ सालच्या ‘ब्लीक हाउस’मध्ये डिकन्सने रंगवलेला वारसाहक्काचा खटला आहे. तो पिढ्यान्‌पिढ्या चालतो आणि अखेर निकालाच्या वेळी सारी इस्टेट कोर्टखर्चातच संपून गेल्याचे आढळते. बांधाच्या वादापायी तालुका-जिल्ह्याच्या कोर्टाची पायरी ज्यांच्या दोन पिढ्यांनी झिजवली, त्यांना या कथेचा अर्थ फोड करून सांगावा लागणार नाही. याच परंपरेचा आरंभ पाहायचा असेल, तर १९६७ सालची ‘द फोर्साइट सागा’ पाहावी. गॉल्सवर्दीच्या कादंबऱ्यांवरील या सव्वीस भागांच्या मालिकेत मालमत्तेची हाव माणसाला आपल्या पत्नीकडेही मालकीची वस्तू म्हणून कसे पाहायला लावते, हे दाखवले आहे.

सगळ्याच मालिका या पंक्तीत बसत नाहीत. ‘डाउनटन ॲबी’ने २०१० ते २०१५ या काळात अफाट लोकप्रियता मिळवली. तिच्यातही वारसाहक्काची तीच अट आहे, कॅनडातील रेल्वेच्या शेअरांत बुडालेला पैसा आहे. परंतु मालक-नोकर संबंधांवर तिने इतकी मायेची साय धरली आहे, की स्वयंपाकघरातील मोलकरणीला महिना पगार किती आणि तिची सुट्टी किती, हा प्रश्न प्रेक्षकाच्या मनात सहसा येत नाही. मालिका करमणूक म्हणून जरूर पाहावी. इतिहास म्हणून पाहताना सावध असावे.

मँचेस्टरचा कापूस आणि भीमथडीची उधारी

बारामती-इंदापूरच्या विद्यार्थ्याने एकच मालिका पाहायची ठरवली, तर ती २००४ सालची ‘नॉर्थ अँड साउथ’ असावी. एलिझाबेथ गॅस्केलच्या १८५४-५५च्या कादंबरीवरील ही चार भागांची मालिका. मिल्टन हे तिच्यातील काल्पनिक गाव मँचेस्टरवरून बेतलेले. गिरणीमालक थॉर्नटन, संप पुकारणारा कामगार हिगिन्स, आणि कापसाचे तंतू फुप्फुसात जाऊन तरुण वयात मरणारी त्याची मुलगी. गिरणीच्या हवेत हिमासारखे तरंगणारे ते तंतू एकदा पाहिले की विसरता येत नाहीत. मालकाची अडचण आणि कामगाराची अडचण या दोन्ही या मालिकेत खऱ्या आहेत. कोणी एक खलपुरुष नेमून लेखिकेने आपली सुटका करून घेतलेली नाही.

परंतु या मालिकेत एक प्रश्न विचारला जात नाही, आणि तो आपणच विचारायचा आहे. थॉर्नटनच्या गिरणीत येणारा कापूस कोठून येतो? त्या काळी इंग्लंडच्या कच्च्या कापसाच्या आयातीपैकी सुमारे तीन-चतुर्थांश अमेरिकेतून, म्हणजे गुलामांच्या कष्टातून येत असे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, कापसाचा तो ओघ आटला आणि लँकेशायरचे व्यापारी हिंदुस्थानकडे वळले. मुंबईत कापसाचे भाव भडकले. भाव चढले तशी पत वाढली, आणि मोठ्या व्यापाऱ्यांकडून लहान सावकाराकडे व सावकाराकडून कुणब्याकडे उधारीचा पैसा दख्खनभर सैल हाताने वाहू लागला. भीमथडी व इंदापूरच्या उत्तर कडेने पुणे-सोलापूर रेल्वेमार्ग १८६०पर्यंत तयार झाला होता. त्या बांधकामाच्या मजुरीनेही हाती रोकड खेळत होती. १८६५ साली युद्ध संपले, भाव कोसळले आणि पत आखडली. तेजीत घेतलेले कर्ज मंदीत फेडण्याची पाळी आली.

याच सुमारास दुसरा आघात झाला, आणि तो थेट इंदापूरशी निगडित आहे. मुंबई इलाख्याची जमीनमोजणीची व साराआकारणीची जी पद्धत पुढे सर्वत्र गेली, तिचा आरंभ इंदापूर तालुक्यात झाला. प्रिंगल यांची आधीची आकारणी न पेलल्यामुळे कुणबी जमिनी टाकून जात होते. १८३५ साली गोल्डस्मिड व विंगेट या अधिकाऱ्यांनी नव्याने मोजणी हाती घेतली, सारा उतरवला आणि तो तीस वर्षांसाठी कायम केला. पडीक जमिनी पुन्हा नांगराखाली आल्या. ती तीस वर्षे संपताच, म्हणजे १८६७च्या सुमारास, पहिली फेरआकारणीही इंदापुरातच झाली. आणि तिने साऱ्याचा एकूण बोजा निम्म्याहून अधिक वाढवला. आकारणी करणाऱ्यांच्या नजरेसमोर तेजीच्या काळातले भाव होते; सारा भरणाऱ्याच्या वाट्याला मंदीतले आले. पुढे भीमथडीसह इतर तालुक्यांवरही तीच वेळ आली.

सारा रोखीने व मुदतीत भरायचा, तर सावकाराचे दार गाठण्यावाचून गत्यंतर नव्हते. कर्जरोख्याची मुदत तीन वर्षांची ठरवणारा १८५९चा कायदा ऋणकोच्या रक्षणासाठी केला होता. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा लिहून घेण्याची रीत पडली. लिहिता-वाचता न येणारा कुणबी अंगठा उठवीत राहिला. कर्जवसुलीच्या सुलभ कायद्यामुळे पत घातक प्रमाणात फुगली आहे, असा इशारा खुद्द विंगेट यांनी १८५२ सालीच दिला होता. पण तो दप्तरात पडून राहिला.

१८७४च्या अखेरीस शिरूर तालुक्यातील करडे येथे सावकारावर बहिष्कार पडला. १८७५च्या मे महिन्यात सुप्याच्या बाजारपेठेत आसपासच्या गावांचा जमाव लोटला. दुकाने लुटली गेली, पण जमावाची मुख्य मागणी एकच होती: वह्या द्या, रोखे द्या. ते मिळाले तेथे त्यांची होळी झाली. उठाव पुणे जिल्ह्यातून नगरकडे पसरला. तीसहून अधिक गावांना त्याची झळ लागली. रक्तपात मात्र फारसा झाला नाही. चौकशी आयोग बसला, त्याचा अहवाल १८७८ साली ब्रिटिश पार्लमेंटपुढे आला. आयोगाचा रोख सावकारीवर राहिला, तरी त्याच्या एका सभासदाने साऱ्याच्या वाढीवरही बोट ठेवले. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा झाला. पुणे, नगर, सोलापूर व सातारा या चार जिल्ह्यांत रोख्यावरील आकड्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार कोर्टांना मिळाला.

सहा भागांची मालिका

एवढा वृत्तांत येथे मुद्दाम दिला, तो त्यातील नाट्य ध्यानी यावे म्हणून. पहिल्या भागात मोजणीची साखळी इंदापूरच्या शिवारात येते. दुसऱ्यात रेल्वेची मजुरी आणि कापसाची तेजी. तिसऱ्यात फेरआकारणीची दवंडी. चौथ्यात मुनसफ कोर्ट, एकतर्फी हुकूमनामा आणि जप्ती. पाचव्यात सुप्याची बाजारपेठ. सहाव्यात आयोगापुढच्या साक्षी. गॅस्केल वा एलियट यांना पुरेल इतकी ही सामग्री आहे, आणि तिच्यातील प्रत्येक दुवा कागदोपत्री उपलब्ध आहे.

यात सावकाराला राक्षस करून चालणार नाही, हा धडा इंग्रजी मालिकांकडून घेण्याजोगा आहे. तोही वरच्या पेढीचा देणेकरी होता, सरकारचा सारा वेळेवर भरला जावा यासाठी सरकारलाच तो हवा होता, आणि भाव पडल्यावर त्याचाही गळा आवळला गेला. बारामतीचा पूर्वेतिहासही हेच सांगतो. पेशव्यांचे आप्त व सावकार बाबूजी नाईक यांचा वाडा कऱ्हेकाठी अजून उभा आहे, आणि त्यांच्याच आश्रयाने मोरोपंतांनी आपली काव्यरचना केली. पैसा देणारा हात कधी आधाराचा असतो, कधी गळफासाचा. आणि बहुधा तो एकच हात असतो. परक्या प्रांतातून आलेल्या सावकाराच्या जातीवर वा भाषेवर कथेचा रोख वळवला, तर सारा वाढवणारे सरकार आणि कापसाचा बाजार हे दोघेही निर्दोष सुटतील.

मराठी छोट्या पडद्याने इतिहासाकडे दुर्लक्ष केले, असे कोणी म्हणणार नाही. रणजित देसाई यांच्या ‘स्वामी’वरील आणि ना. सं. इनामदार यांच्या ‘राऊ’वरील मालिका जुन्या प्रेक्षकांना आजही आठवतात. २००८ साली ‘राजा शिवछत्रपती’ आली, २०१७ साली ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ सुरू झाली. २०१२ सालच्या ‘उंच माझा झोका’ या मालिकेने रमाबाई रानडे यांच्या निमित्ताने एकोणिसाव्या शतकातील पुणेरी घर, माजघर आणि स्त्रीशिक्षणाचा झगडा घरोघरी नेला. ज्या पुणे सार्वजनिक सभेशी न्यायमूर्ती रानडे यांचे नाव जोडलेले आहे, तिने शेतसाऱ्याचा प्रश्न १८७०च्या दशकात हाती घेतला होता. म्हणजे मराठी मालिका सुप्याच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचली होती. आत मात्र गेली नाही. गड, दरबार आणि रणांगण यांना आपण जेवढी जागा दिली, तिच्या दशांशही वही-खात्याला दिलेली नाही. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ साली लिहून पूर्ण केला. त्यातील शेतकरी अजून पडद्याची वाट पाहत आहे.

अडचण कोठे आहे?

याचे उत्तर ‘त्यांच्याकडे पैसा आहे, आपल्याकडे नाही’ असे दिले जाते. ते अपुरे आहे. बीबीसीला दूरचित्रवाणी परवान्याचे शुल्क मिळते, हे खरे. २०२५च्या एप्रिलपासून ते घरटी १७४.५० पौंड होते. परंतु पॉल स्कॉटच्या कादंबऱ्यांवरील ‘द ज्युएल इन द क्राउन’ ही १९८४ सालची चौदा भागांची मालिका ग्रॅनाडा या जाहिरातींवर चालणाऱ्या कंपनीने काढली होती. १९४२ पासूनचा हिंदुस्थान रंगवणाऱ्या या मालिकेत राज्यकर्त्यांचा वर्णद्वेष इंग्रज निर्मात्यांनीच निर्भीडपणे दाखवला. तेव्हा जाहिरात हा काही अटळ शाप नव्हे.

खरा फरक व्यवहाराच्या आखणीत आहे. तिकडे कथा आधी संपते, भागांची संख्या ठरते आणि मग चित्रीकरण होते. आपल्याकडे रोजचा भाग रोज विकायचा असल्यामुळे कथेने संपू नये, अशीच व्यवस्था असते. प्रेक्षकसंख्येचा आठवड्याचा आकडा चांगला आला की कथा लांबते, वाईट आला की वळते. पुरवठा रोज हवा असेल, तर माल पातळ होणार, हे सांगायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. उलट, दूरदर्शनच्याच पडद्यावर ‘मालगुडी डेज’, भीष्म साहनींच्या कादंबरीवरील १९८८ सालची ‘तमस’ आणि श्याम बेनेगल यांची त्रेपन्न भागांची ‘भारत एक खोज’ या मालिका झाल्या. मर्यादित भागांची, साहित्यावर वा इतिहासावर उभी असलेली मालिका आपल्याला जमत नाही, हा समज या तीन नावांपुढे टिकत नाही. आणि वही जाळण्याच्या प्रसंगाला हत्ती, घोडे वा किल्ला लागत नाही, हे खर्चाची चिंता करणाऱ्या निर्मात्यांनी लक्षात घ्यावे.

दुसरा एक आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्या राज्यकर्त्यांनी सारा वाढवला, त्यांच्याच वाड्यांच्या कथा आपल्या मुलांनी का पाहाव्यात? आक्षेपामागची भावना समजण्यासारखी आहे. परंतु त्या कथा टाळल्याने सुप्याची कथा आपोआप उजेडात येत नाही. उलट, मिल्टनच्या गिरणीतील कापूस आणि सुप्याच्या दुकानातील रोखा ही एकाच साखळीची दोन टोके आहेत, हे ज्याला दिसले, तो विद्यार्थी दोन्ही कथा अधिक नीट वाचील.

बारामती आणि इंदापूरच्या महाविद्यालयांना एवढे सहज करता येईल. वर्षातून एक छोटी मालिका सभागृहात दाखवावी; प्रत्येक भागानंतर वाङ्मय आणि अर्थशास्त्र या दोन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांनी त्या घराचा जमाखर्च मांडावा. कोणाचे उत्पन्न कोठून, देणे कोणाचे, वारस कोण? त्यानंतर त्यांनी आपल्याच गावी जावे. माळवदाच्या घरांतील पेटाऱ्यांत जुनी गहाणखते व मोडी रोखे अजून सापडतात. वाळवीने ती संपवण्यापूर्वी त्यांच्या नकला व्हाव्यात. मोडी वाचणारी माणसे कमी होत चालली आहेत, त्यांच्याकडून ती वाचून घ्यावीत. पुढे एखाद्या होतकरू लेखकाने सुप्यावर पटकथा लिहावयाची ठरवली, तर त्याला कुणब्याची भाषा, व्याजाचा दर आणि जप्तीत गेलेल्या भांड्यांची यादी आयती मिळेल. पोशाख शिवून घेता येतो; हा तपशील कोणत्याही शिंप्याकडे मिळत नाही.

त्या पटकथाकाराला भूदृश्यासाठीही दूर जावे लागणार नाही. उठावानंतर दहा-एक वर्षांनी नीरेचा डावा कालवा आला आणि बारामती-इंदापूरच्या मोठ्या पट्ट्यात पुढे उसाचे मळे उभे राहिले. सुप्याच्या बाजूला मात्र जिरायत शेती आजही पावसाकडे डोळे लावून बसलेली दिसते. सावकारीवर नियंत्रण ठेवणारा १९४६ सालचा कायदा अपुरा पडला म्हणून महाराष्ट्राला २०१४ साली नवा कायदा करावा लागला, ही गोष्टही विसरता येण्याजोगी नाही. १८७५ साली जाळलेल्या वह्यांचा विषय अजून मिटलेला नाही. म्हणूनच तो पडद्यावर यावयास हवा; आणि तो येईपर्यंत, निदान इंग्रजांच्या वाड्यांतील खतावणी उघडून वाचण्याची सवय आपल्या विद्यार्थ्यांना लागावयास हवी.